एकाच वाचकाचं पुस्तक

बाळू पेंटर काउंटरपलीकडे उभे होते आणि मी स्क्रीनकडे बघत होते. त्यांनी मागितलेल्या पुस्तकापुढे सॉफ्टवेअर एकच शब्द दाखवत होतं. निर्लेखित.

हा आमच्या कामातला शब्द. वाचनालयात जागा ठरावीक असते. फाटलेली, जुनाट झालेली, कुणी नेत नसलेली पुस्तकं दर काही वर्षांनी यादी करून आणि समितीची मंजुरी घेऊन काढून टाकावी लागतात. त्याला निर्लेखन म्हणतात. सरळ सांगायचं तर रद्दी. बाळू पेंटरांचं पुस्तक बारा दिवसांपूर्वी रद्दीत गेलं होतं आणि यादीखाली सही माझी होती.

वडूजजवळच्या एका गावात मी ग्रंथपाल आहे. एकवीस वर्षं झाली. त्या महिन्यात इन्स्पेक्शन होणार असल्याचं पत्र आलं होतं. कपाटं भरलेली, नव्या पुस्तकांचे खोके जमिनीवर. आमचे अध्यक्ष अण्णा सैन्यातून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. जे कुणी विचारत नाही ते बाहेर काढा, आठवड्यात कपाटं मोकळी दिसली पाहिजेत, असा त्यांचा हुकूम होता. मी कॉम्प्युटरवर फिल्टर लावला. पाच वर्षांत दोनपेक्षा कमी वाचकांनी नेलेली पुस्तकं. यादी लांबलचक आली. एकेक पुस्तक हातात घेऊन बघायला वेळ नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

हे पुस्तक माळावरच्या झाडांवर आणि पाखरांवर होतं. जंगलखात्यातल्या कुणीतरी फार पूर्वी लिहिलेलं. कव्हर गेलेलं, चित्रं नुसत्या काळ्या रेघांची. पाच वर्षांत वाचक एक. तो एक वाचक आता माझ्यासमोर होता.

मी खरं काय ते सांगितलं. ते चिडले नाहीत. त्याच्यासारखं दुसरं हाय का, एवढंच विचारलं. मी नवं, गुळगुळीत कागदाचं, रंगीत फोटोंचं पुस्तक काढून दिलं. त्यांनी चार पानं उलटली आणि परत ठेवलं.

"मॅडम, मला त्यातलं चित्र बघून काढायचं नसतंय," ते म्हणाले. "त्यो माणूस एका बाभळीखाली दिसभर बसतोय आन काय काय दिसलं ते लिवतोय. त्ये वाचून भाईर पडलं की आपल्या बांधावरची बाभळ नवी दिसती. मग हात चालतोय माझा."

बाळू पेंटरांना मी लहानपणापासून ओळखते. तालुक्यातल्या निम्म्या दुकानांवर त्यांनी रंगवलेल्या पाट्या होत्या. फ्लेक्स आला आणि पाट्या गेल्या. ते दुसऱ्याच्या रानात कामाला जाऊ लागले. पुढे बायको गेली, तेव्हा तेही सोडून घरात बसून राहिले. वेळ जात नाही म्हणून वाचनालयात यायला लागले आणि हे पुस्तक त्यांच्या हाताला लागलं. त्यानंतर त्यांनी शाळांच्या भिंती रंगवायला घेतल्या. प्रत्येक भिंतीआधी ते हेच पुस्तक न्यायचे. मी दरवेळी म्हणायचे, काका, दुसरं काहीतरी न्या की. ते हसायचे आणि हेच न्यायचे.

आता बऱ्याच दिवसांनी एका वाडीच्या शाळेने त्यांना बोलावलं होतं. सोमवारी सुरुवात करायची होती. नाही जमलं तर हेडसर तिथेही पाढ्यांचा फ्लेक्सच लावणार होते. हे सांगून ते गेले.

मी रद्दीवाल्याला फोन केला. त्याचा माल लोणंदच्या एका गोडाऊनला जातो. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि एसटीने दहिवडी, फलटण करत लोणंद गाठलं. गोडाऊनवाले म्हणाले, तुमच्या बाजूचा माल मंगळवारीच पेपरमिलला गेला. उरलेल्या गोण्या बघू का, असं विचारलं तर त्यांनी बसायला स्टूल दिलं. दोन तास गोण्या उपसल्या. आमचा शिक्का असलेले दोन दिवाळी अंक सापडले. पुस्तक नाही.

परतीच्या गाडीत मला पहिल्यांदा भीती वाटली. एवढ्या वर्षांत मी किती पुस्तकं अशी काढली असतील, ते आठवत बसले.

सातारा-सांगलीकडच्या आम्हा ग्रंथपालांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर पुस्तकाचं नाव टाकलं. नाही, नाही, कुणाचं हे पुस्तक, अशी उत्तरं आली. मग जत तालुक्यातल्या एका ग्रंथपालांचा मेसेज आला. आहे, पण उद्या रद्दीवाला येतोय, त्याच्या गठ्ठ्यात आहे. मी लगेच फोन लावला.

"गठ्ठ्यातून काढून ठेवा, सर. पाया पडते."

"वाचतं का कोण हे?"

"वाचतं. एक जण."

त्यांनी पुस्तक बाजूला काढून ठेवायचं कबूल केलं. मग म्हणाले की त्यांनीही वाचकसंख्येचाच फिल्टर लावला होता.

त्यांची सासुरवाडी विट्याची. रविवारी ते तिकडे येणारच होते. विट्याच्या स्टँडवर त्यांनी पुस्तक दिलं, सोबत त्यांच्या समितीचं हस्तांतराचं पत्र. या प्रतीला कव्हर होतं, पानं कडक होती. फारसं कुणी उघडलेलं नव्हतं. मी तशीच बाळू पेंटरांच्या घरी गेले. त्यांनी हात पुसून पुस्तक घेतलं, बाभळीचं पान काढलं आणि उंबऱ्यातच उभं राहून वाचायला लागले. सून चहा ठेवते म्हणाली. मी म्हटलं, नको, त्यांना वाचू दे.

पुढच्या मीटिंगमध्ये मी माझी चूक सांगितली. निर्लेखनाची यादी आधी महिनाभर दारात लावायची आणि ज्याला एखादं पुस्तक राहावं असं वाटतं त्याने समोर नाव आणि कारण लिहायचं, असा ठराव मांडला. अण्णा म्हणाले, "एकेका माणसासाठी कपाट अडवून ठिवायचं व्हय?" मी म्हटलं, एक महिना बघू. ते नाइलाजाने हो म्हणाले.

फिल्टरमध्ये आलेल्या पण अजून रद्दीत न गेलेल्या पुस्तकांची यादी दारात लागली. आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरांनी विणकामाचं एक पुस्तक राखलं. ड्यूटीवर वाईट दिवस गेला की त्यातला एक नमुना घालते, असं त्यांनी लिहिलं. एका शेतकऱ्याने विहिरींवरचं पुस्तक राखलं. विसाव्या दिवशी अण्णा स्वतः आले. मुलांच्या गोष्टींच्या एका पुस्तकावर बोट ठेवून म्हणाले, "हे ऱ्हाऊ द्या."

मी कारणाच्या रकान्याकडे बघितलं. तो त्यांनी कोरा ठेवला होता. मग माझ्याकडे न बघताच सांगितलं, "सुट्टीवर आलो की पयल्या दिवशी हेच वाचायचो. तिकडचं समदं डोक्यात घुमत असायचं. हे वाचलं की घरी आल्यागत व्हायचं. आता बी वाचतो."

पण पाच वर्षांत तुमच्या नावावर हे गेलेलं नाही, मी म्हटलं. ते म्हणाले, हितंच बसून वाचतो, नोंद कशाला करायची?

इन्स्पेक्शन झालं. साहेबांनी ती नावं आणि कारणं उभ्या उभ्या वाचली, पाखरांचं पुस्तक मागून घेतलं आणि बराच वेळ चाळलं. शेऱ्यात त्याबद्दल काही लिहिलं नाही. आमचा दर्जा होता तोच राहिला. वाडीच्या शाळेच्या भिंतीवर आता बाभळ आहे, आणि तिच्यावरची पाखरं पोरं नावानिशी सांगतात. पाढे हेडसरांनी मागच्या भिंतीवर काढून घेतले, तेही बाळू पेंटरांकडूनच.

निर्लेखनाचा रिपोर्ट काढताना मी आता 'एकाच वाचकाने किती वेळा नेलं' हा कॉलमही लावते. तो सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून होता. मी कधी क्लिक केला नव्हता.