पिंपळी, डाळज, बावडा

जुने दोस्त भेटले की चहा निवून जातो, पण बारामतीतल्या आमच्या कंप्युटर क्लासचे किस्से संपत नाहीत. एकानं एक काढला की दुसऱ्याला दोन आठवतात! नव्वदचं दशक सरत आलं होतं. चार कंप्युटर वायरनं जोडलेले. रविवारी दुपारी आम्ही मिल्ट्रीचा गेम खेळायचो. मी, संज्या, मिलिंद आणि चौथे स्वतः सर! आमची चौघांची तुकडी, समोर कंप्युटरची फौज.

* * *

चौघांची तोंडं चार भिंतींकडं. संज्या ओरडायचा, "हितं हाय, हितं!"

"हितं म्हंजी कुठं?"

"आरं हितं म्हंजी हितं!"

तोवर चौघंही आडवे. सर म्हणाले, "संज्या, मेलो आमी. आता तरी सांग, कुठं?"

"तुमच्याच मागं, सर!"

* * *

यावर तोड काढली मिलिंदनं. हा पिंपळीचा, सायकलवर यायचा, बोलायचा कमीच. त्यानं वहीत नकाशा काढला आणि जागांना आमच्याकडच्या गावांची नावं दिली. आपण जिथून सुरुवात करतो, जिथं गोळी पोचत नाही, ती पिंपळी. मधला रस्ता म्हणजे डाळज. आणि पार टोकाची टेकडी, जिथून मशीनगन सुटायची, तो बावडा. बावड्याला गेलेला परत आला तर नशीब! पुढच्या रविवारपासून मिलिंद हे तीनच शब्द बोलायचा आणि आम्ही जिंकायचो.

* * *

एकदा सर गोळीच्या वाटेत उभे. संज्या बोंबलला, "सर! सर! सर!"

सर खुर्ची वळवून म्हणाले, "काय रे?"

"आवं, बाजूला सर म्हनतोय!"

तेवढ्यात सर गेले. त्या दिवसापासून गेममध्ये त्यांना तात्या म्हणायचं ठरलं.

* * *

इंदापूरच्या क्लासची दोन पोरं मॅच खेळायला आली. आमच्याकडून मिलिंद आणि संज्या. मिलिंद ओरडला, "बावड्याला एक हाय!"

त्यांच्यातला एकजण माऊस सोडून उभाच राहिला. "आवं, बावड्याचा मी एकटाच, आन् मी तर हितं हाय!"

संज्यानं त्याला तिथंच उडवला.

* * *

पुढं मिलिंद भरती झाला. खऱ्या मिल्ट्रीत. त्याची खुर्ची आम्ही कुणाला दिली नाही. खरं सांगतो, तो गेल्यावर आम्ही एकही डाव धड जिंकला नाही.

मग सरहद्दीवर लढाई पेटली. एके दिवशी त्याची आई पत्र घेऊन क्लासात आली. पत्रात एवढंच होतं, "कुठं हाय ते लिवता येत न्हाय. सध्या बावड्याला हाय म्हनून क्लासातल्या पोरांना सांग."

"बावड्यापतूर आला आन् आईला तोंड दावंना!" ती चिडली होती.

संज्याचा चेहरा उतरला. सर कसंबसं म्हणाले, "सुट्टी नसंल, ताई." खरं काय ते सांगायची कुणाची हिंमत झाली नाही.

दीड महिना पत्र नाही. आम्ही गेम उघडलासुद्धा नाही.

मग एका रविवारी ती पुन्हा आली, हातात पेढ्यांचा पुडा. "पत्र आलंय. पिंपळीला आलो म्हनतोय."

संज्या ढसाढसा रडायला लागला. सर चाचरत म्हणाले, "ताई, त्याचं काय हाय, हे पिंपळी म्हंजी..."

"ऱ्हाऊ द्या, सर." तिनं पुडा सोडला. "त्या दिशी हितनं तशीच यष्टीनं बावड्याला गेल्ते मी. समदं गाव पालथं घातलं. घ्या, पेढा घ्या."