वरणात कालवलेली पूड

नोकरीतल्या बऱ्याच केसेस मी विसरलो, काही मुद्दाम विसरलो. लातूरची एक मात्र अजून जशीच्या तशी आठवते, आणि तिच्यात गुन्हेगार कोणीच नव्हता.

भूकंपाला बरीच वर्षं लोटली होती. शहरात क्लासेसचं पेव फुटलं होतं आणि ज्या घराला दोन खोल्या जास्त, त्या घरात खाणावळ. औसा भागातलं एक कुटुंब, गावचं घर पडल्यावर इथे येऊन अशीच खाणावळ चालवत होतं. सासू, मुलगा, सून आणि लग्नाची मुलगी. एका दुपारी ठाण्यात फोन आला. बाईचा आवाज होता, नाव सांगितलं नाही.

"शेजारची म्हातारी दवाखान्यात पडलीय. सून रोज तिच्या वरणात पांढरी पूड कालवती. म्या माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

असे फोन बहुतेक वेळा शेजारच्या भांडणातून येतात. पण त्याच सुमारास सरकारी दवाखान्यातून विषबाधेच्या संशयाची एमएलसीही, म्हणजे पोलिसांना द्यायची वर्दीही आली. स्टेशन डायरीत नोंद करून निघालो. सासू शुद्धीवर नव्हती. रक्तदाब घसरलेला, हृदयाचे ठोके बिघडलेले. डॉक्टर म्हणाले, "पोटात काय गेलंय ते कळल्याशिवाय मी अंधारात चाचपडतोय."

घराचा पंचनामा केला, वरणाचा नमुना सील केला. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत म्हातारीचं वर्षश्राद्धही उरकलं असतं, म्हणून सुनेला महिला शिपायासोबत ठाण्यात बोलावलं.

"पूड घालत होतीस?"

"हाव."

"कसली?"

ती पदराचा काठ सारखा करत बसली.

"सासू गेली तर खुनाचा गुन्हा लागेल, कळतंय का?"

"कळतंय साहेब. पण म्या त्यांचं वाईट न्हाई केलं."

त्यापुढे शब्द नाही. खोटं बोलणारा माणूस भरपूर बोलतो. ही बाई कोणाचं तरी काहीतरी राखून बसली होती.

मग माझं लक्ष नवऱ्याकडे गेलं. ज्याच्या आईला विष घातलं, तो बायकोच्या अंगावर धावून जातो. बायको निर्दोष वाटत असेल तर आमच्या अंगावर येतो. हा पठ्ठ्या दोन्ही करेना. दवाखान्याच्या व्हरांड्यात तो मान खाली घालून उभा होता आणि शेजारी उदगीरहून आलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्याच्या बहिणीची सोयरीक या बाईंच्या मुलाशी ठरली होती. मी काही विचारलं की तो आधी या होणाऱ्या विहीणबाईंकडे बघायचा.

चहाच्या निमित्ताने त्याला फाटकाबाहेर नेलं.

"आईला आजार काय आहे?"

"काहीच न्हाई."

"बायको तुरुंगात चालली, आई वर चालली. बहिणीच्या लग्नात अक्षता टाकायला घरातलं उरणार कोण?"

त्याने कप टपरीवर ठेवला आणि ढसाढसा रडायला लागला. "साहेब, भूकंपाची गोळी हाय ती."

भूकंपात त्याचा धाकटा भाऊ गेला होता. पुढे आईला जमिनीखालून त्याच्या हाका ऐकू यायला लागल्या. ती अंगण खणत बसायची. मनोविकाराच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली. घरात तिचं नाव पडलं भूकंपाची गोळी. आई "म्या येडी न्हाई" म्हणून ती थुंकायची, म्हणून सून कुटून वरणात घालायची. उदगीरला कळलं तर सोयरीक मोडेल, या भीतीने सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

"दुसरं काही औषध?"

"नायटा झालता आईला. विहीणबाईंनीच वळखीच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं इचारलं, आणखी कोणती गोळी चालू हाय का? विहीणबाई शेजारीच बसल्या होत्या. माझी बायको न्हाई म्हणली."

मी त्याला तसाच ओढत वॉर्डात नेलं. दोन्ही औषधांची पाकिटं मागवली. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. यकृत त्या मनाच्या गोळीचा रोज निचरा करतं. नायट्याच्या कॅप्सूलने ते काम मंदावतं. दोन्ही औषधं चांगलीच, पण एकत्र आल्यावर गोळी अंगात साचत गेली. दोन्ही बंद केली, उपचार बदलले आणि म्हातारी हळूहळू डोळे उघडायला लागली.

गोळीचं उदगीरला कळलंच आणि सोयरीक मोडली. मला त्याचा राग आला होता, अजूनही आहे. या केसपासून एक शिकलो: प्रश्न काय विचारला याच्याइतकंच महत्त्व तो कोणासमोर विचारला याला असतं. त्या त्वचेच्या डॉक्टरांचा प्रश्न अगदी बरोबर होता. खोलीत एक माणूस जास्त होतं.

सासूचा जबाब मी स्वतः घेतला. जपूनच सांगितलं, "बाई, तुमच्या नकळत सून वरणात गोळी घालत होती."

"नकळत कशानं? कडू लागायचं की वरण. पोरगी घालतीय म्हंजी माझ्या बऱ्यासाठीच घालत असंल."

सून पायथ्याशी उभी होती. ठाण्यात तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. इथे पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली. "इतकी वर्सं कडू खाल्लं आत्याबाई, एकदा तरी म्हणायचं."

म्हातारी म्हणाली, "म्हणले असते तर तू घालायची थांबली असतीस."