आदिनाथची रेघ

कडूबाईच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून तिसरीला नजर लागू नये यासाठी आईबापांनी तिचं नावच कडू ठेवलं. ते लागू पडलं म्हणायचं, कारण आज काष्टीत तिच्याइतकी खणखणीत म्हातारी दुसरी नाही. चार गाईंच्या धारा एकटी काढते, आणि डेअरीत फॅट कमी लागली की तिथल्या पोरांना घाम फोडते.

पण बाई शब्दाला फार भिते. डब्यातलं मीठ संपलं तरी 'संपलं' म्हणायचं नाही, 'वाढलं' म्हणायचं. तिन्हीसांजेला तर घरात वाईट शब्द काढायचाच नाही, कारण त्या वेळी वास्तू 'तथास्तु' म्हणते. यावरून तिने सुनांना, लेकींना, पाहुण्यांनासुद्धा झापलेलं आहे. हसायचं त्याने हसावं.

तिचा धाकटा, आदिनाथ, सुप्याच्या एका कारखान्यात कामाला होता. एक दिवस पिशवी घेऊन घरी आला आणि परत गेलाच नाही. झोप नाही, जेवण नाही, मोबाईल बंद करून ट्रंकेत टाकलेला, आणि दिवसभर बाजेवर भिंतीकडे तोंड. कडूबाईने आधी दृष्ट काढली, मग देवाला कौल लावला, आणि शेवटी त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हा उदासीनतेचा आजार आहे आणि तो औषधाने बरा होतो.

तिथे पंकजा नावाची समुपदेशक होती, राहात्याकडची, गोड बोलणारी. तिने दोघांना समोर बसवून नीट सांगितलं, "दर सोमवारी संध्याकाळी मी फोन करीन. झोप, भूक, मन कसं आहे, असे थोडे प्रश्न विचारीन. त्यावरून त्रास किती ते मोजून कागदावर आदिनाथभाऊंची रेघ काढायची. रेघ खाली आली तर औषध लागू पडतंय. नाही आली, तर वाट बघत बसायचं नाही, औषध बदलायचं. प्रत्येकाची रेघ वेगळी, म्हणून प्रत्येकाला विचारावं लागतं." आदिनाथ तेव्हा जमिनीकडे बघत होता. त्याच्या कानात किती शिरलं देव जाणे.

फोन अर्थात कडूबाईचा. आणि तो वाजायचा नेमका दिवेलागणीला.

"मावशी, भाऊंना देता?"

"तो गोठ्यात हाय. मला इचार, मी सांगते."

पहिल्या सोमवारी पंकजाने झोपेचं विचारलं. गोठ्यात कुठला, आदिनाथ तिथेच बाजेवर होता, डोळे उघडे. कडूबाईच्या ओठांवर 'न्हाई' आलं होतं. पण समोर दिवा नुकता लावलेला, घरात सांज भरलेली. अशा वेळी 'पोराला झोप न्हाई' म्हणायचं आणि वास्तूने तथास्तु म्हणायचं? तिने जीभ आवरली. "लागती की झोप. झ्याक लागती."

एकदा गोड बोललं की पुढचं आपोआप गोड येतं. जेवतो का? जेवतो. बोलतो का? बोलतो. मरून जावंसं वाटतं का, असं पंकजाने विचारलं, तेव्हा तर कडूबाईने फोन कानापासून लांबच धरला. "छे छे! तसलं काय न्हाई, बया." झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिला वाटे. आपण खोटं बोलतोय असं तिला एकदाही वाटलं नाही. आपण पोरासाठी चांगलं मागतोय, एवढंच वाटे.

रेघ उतरत गेली, न उतरून सांगते कुणाला! दवाखान्यात डॉक्टरांनी ती आदिनाथला दाखवली. "बघा, किती सुधारणा आहे. हेच औषध चालू ठेवू." आदिनाथने बराच वेळ त्या रेघेकडे पाहिलं आणि मान हलवली. कडूबाईने बाहेर येऊन पेढे घेतले.

त्यानंतर दोनेक दिवसांनी, सकाळी, ती धार काढत असताना आदिनाथ गोठ्याच्या दाराशी येऊन उभा राहिला. आपणहून आला म्हणून तिला कोण आनंद झाला.

"आई, डॉक्टर म्हनले, मी बरा झालोय."

"व्हय तर."

"बरं झाल्यावरबी हे असंच ऱ्हानार असंल, तर मग पुढं काय उरलं गं? आता जगायचं तरी कशाला?"

तिच्या हातातली धार थांबली. पोराला वाटत होतं, औषध करून झालं, जेवढं बरं व्हायचं तेवढं होऊन झालं. आणि हे त्याच्या मनात भरवलं कुणी? वैऱ्याने केलं नसतं ते तिने केलं होतं. स्वतःची एवढी लाज तिला जन्मात वाटली नव्हती. त्या दिवशी दूध डेअरीला गेलं नाही. मिळेल त्या टेम्पोत पोराला घालून, त्याचा हात घट्ट धरून ती दवाखान्यात पोचली.

"पोरी, ती समदी उत्तरं माजी हायेत," ती दारातूनच म्हणाली. "त्याला मी कदीच काय इचारलं न्हाई. तो झोपत न्हाई, जेवत न्हाई. मी खोटं सांगितलं."

पंकजाचा चेहरा उतरला. "चूक माझीही आहे, मावशी. मी तुमच्या आवाजावर भागवलं." मग ती आदिनाथकडे वळली आणि पहिल्यापासून एकेक प्रश्न त्यालाच विचारू लागली. मरून जावंसं वाटतं का, हाही. "रोज," आदिनाथ म्हणाला. कडूबाईने पदर तोंडात कोंबला.

पंकजाने रेघ पुन्हा काढली. ती पार वर गेली. "डॉक्टर आजच औषध बदलतील," ती म्हणाली, "आणि आता मी रोज सकाळी फक्त तुमच्याशीच बोलेन. तोवर घरच्यांनी तुम्हाला एकटं सोडायचं नाही."

आदिनाथ त्या चढलेल्या रेघेकडे बघत राहिला. "म्हंजी ताई, समदीच औषधं हरली न्हाईत? डॉक्टरला ठावंच नव्हतं?"

"नव्हतं."

"मंग अजून हाय म्हनायचं काय तरी," तो म्हणाला, आणि ओंजळीत तोंड घालून रडला.

पंकजाने कडूबाईला बाहेर बसायला सांगितलं. ती बाकावर बसली. आतून पोराचा आवाज येत होता, अडखळत, मग सलग. सुप्याचं काही, गेलेल्या बापाच्या आठवणीचं काही, थांबतच नव्हता. एवढं सगळं सांगायचं होतं त्याला, आणि विचारणारा फोन दर सोमवारी तिने स्वतःच्याच कानाला लावून धरला होता.