चौकटीवरची डबी

हौशी मंडळींनी ज्यू खेड्यावरचं संगीत नाटक बसवलं होतं. त्यातला बाप घरात शिरताना वाकून उंबऱ्याला नमस्कार करी. खरं तर चौकटीवरच्या प्रार्थनेच्या डबीला हात लावून बोटं ओठांशी न्यायची असतात. मी चूक सांगितली नाही. मला ते कुठून ठाऊक, हेही सांगावं लागलं असतं.

शेजारचे शलोमकाका इस्रायलला जाताना घर आम्हाला देऊन गेले. "डबी राहू दे, परत आलो की नेईन," म्हणाले. रंग देताना मीच ती उपटून फेकली.

ते आले तेव्हा म्हणालो, "काका, वाळवीनं खाल्ली."

"तांब्याची डबी, बाळा?" एवढंच बोलून त्यांनी रिकाम्या चौकटीला हात लावला आणि बोटं ओठांशी नेली.