नाव नसलेली तीन ताटं

पुण्याचे प्रकाशक फोनवर म्हणाले, "ताई, तुमचं पुस्तक आम्ही करतोय." हे वाक्य ऐकायला मी चौदा महिने थांबले होते. पुढची वाक्यं ऐकल्यावर मात्र वाटलं, हा माणूस समोर असता तर मी त्याला चहासुद्धा विचारला नसता. धारवाडात याहून मोठा अपमान नाही.

पुस्तक आईच्या खानावळीचं आहे. बाबा लवकर गेले. आईनं घरातच कॉलेजच्या मुलांची खानावळ काढली आणि तेवीस वर्षं चालवली. तिनं वाढलेल्या भाकरीवर आम्ही दोघं भावंडं शिकलो. अण्णा बँकेत लागला, मी कोर्टात कन्नड-मराठी अनुवादक झाले. तीस वर्षं मी लोकांच्या जबान्या इकडच्या तिकडे केल्या, पण पदरचा एक शब्द घातला नाही. निवृत्त झाल्यावर स्वतःची जबानी लिहायला घेतली. एकसष्टाव्या वर्षी मी नवोदित लेखिका झाले. हा शब्दही प्रकाशकांचाच.

"सातवं प्रकरण तेवढं काढू या," ते म्हणाले.

"का?"

"आईवरच्या पुस्तकात वाचक माया शोधतो. हे प्रकरण नकारात्मक आहे. बाकी सगळं गोड आहे हो."

गोड म्हणे. शीर्षकात त्यांना 'खानावळ' नको होतं, 'अन्नपूर्णा' हवं होतं. मुखपृष्ठावर डाव घेऊन हसणारी बाई हवी होती. माझी आई भाकऱ्या थापायची, आणि पन्नास माणसांच्या भाकऱ्या थापणाऱ्या बाईला हसायला वेळ नसतो. वर हेही ऐकवलं की यादी भरलेली आहे, पुस्तक यायला दोन वर्षं तरी जातील. आईला शहाऐंशीवं लागलं होतं. मी "विचार करून कळवते" म्हणाले आणि त्या माणसाला मनातल्या मनात कन्नडमध्ये शिव्या दिल्या. मराठीत मला तितक्या चांगल्या येत नाहीत.

सातव्या प्रकरणात काय होतं ते सांगते. आमच्याकडच्या सगळ्या ताटांवर बाबांचं नाव घातलेलं होतं. भांडं घेतलं की दुकानदाराकडून छिन्नीनं ठोकून त्यावर नाव घालून घ्यायचं, ही सगळ्या घरांची रीत. पण तीन ताटांवर नाव नव्हतं. ती मोरीपाशी पालथी असत. आजी सोवळ्यातली, आणि ज्यांची जात तिच्या सोवळ्याला चालणार नाही अशा तीन मुलांना ती ताटं वाढायची, आणि ताट ज्यानं त्यानं धुऊन ठेवायचं. कुणी कुणाला काही सांगत नसे. आठ वर्षांची मी पंक्तीत वाढायचे. बिननावाचं ताट दिसलं की ताटाला लागू नये म्हणून डाव आपोआप वर उचलला जायचा. त्यातल्या एका मुलानं एकदा कंपासच्या टोकानं ताटाच्या काठावर स्वतःचं नाव कोरलं, कन्नड अक्षरांत. महिन्याभरात तो खानावळ सोडून गेला.

मी हे सगळं आजीच्या नावासकट लिहिलं होतं. आईला मी नेहमी एकच वाक्य बोलताना ऐकलं होतं, "सासूबाईंना चालत नाही." हे काढा म्हणणारा पुण्यातला माणूस कोण लागून गेला? त्यानं ती ताटं पाहिली नव्हती, मी त्यांत वाढलं होतं.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसा अण्णा नवनगरहून आला. प्रकाशकाचा फोन आला हे त्याला कळलं होतं. आल्या आल्या कॉटवर बसून त्यानं निकाल दिला.

"एक प्रकरण काढ की. काय बिघडतंय? पुण्याचं नाव पुस्तकावर येतंय."

"नाहीतर मी स्वतः छापते."

"स्वतः छापायचं म्हणजे आपली पाठ आपणच थोपटून घ्यायची. गल्लीत वाटशील, लोक घेतील आणि टीव्हीखाली ठेवतील. वाचणार कोण?"

"पुण्याचं छापलेलं तरी तू कुठे वाचणार आहेस?"

तो वाचणार नव्हताच. हस्तलिखित आठ महिने त्याच्याकडे होतं आणि त्याच्या कपाटातून ते मी परत आणलं तेव्हा वर बांधलेली दोरीसुद्धा माझीच गाठ राखून होती. घराण्याच्या अब्रूची काळजी मात्र त्याला भारी. "आजीचं असलं काही छापू नकोस," म्हणाला. मेलेल्या माणसांची अब्रू सांभाळायला आमच्याकडे सगळे तयार असतात.

दुसऱ्या दिवशी मी हुबळीला गेले. कमरीपेठेत लग्नपत्रिका छापणारा एकजण आहे, त्यानं मराठी मजकूर जुळवायला एक बाई ठेवली आहे असं ऐकलं होतं. दुकानात वास्तुशांतीची, बारशाची, वर्षश्राद्धाची कार्डं एकाच फळीवर मांडलेली. त्यानं माझं बाड हातात घेतलं आणि वजन करावं तसं वरखाली केलं.

"वीस दिवस, अक्का."

"काही काढायचं, घालायचं?"

"तुम्ही काय देता ते छापतो. आत काय आहे, मला कशाला पाहिजे?"

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. एकाला माझं पुस्तक गोड करून हवं होतं आणि दुसऱ्याला त्यात पुस्तक आहे की वर्षश्राद्धाचं कार्ड याच्याशी देणंघेणं नव्हतं. नव्या लेखकापुढे हे दोनच रस्ते असतात, एकावर माणसं फार बोलतात आणि दुसऱ्यावर कुणीच बोलत नाही. तरी मी बाड तिथेच ठेवलं. सातव्या प्रकरणाची एक प्रत तेवढी पिशवीत घालून घरी आणली, कारण अण्णानं जाताना एक मेख मारून ठेवली होती, "छापायच्या आधी आईला वाचून दाखव. तिनं हो म्हटलं तर छाप."

त्याला खात्री होती की ती नको म्हणेल. मला खात्री होती की ती माझ्या बाजूची आहे.

आईला आता दिसत नाही, ऐकू छान येतं. दुपारचा चहा झाल्यावर तिच्याशेजारी बसून मी सातवं प्रकरण वाचलं, कोर्टात वाचायचे तसं, सावकाश, वर-खाली आवाज न करता. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. संपल्यावर बोटानं पदराचा काठ चाचपत बसली.

"छान लिहिलीस," ती म्हणाली. "पण तुझ्या आजीचं खोटं लिहिलीस."

"काय खोटं?"

"त्या तुझ्या आजीला काही कळायचंसुद्धा नाही पंक्तीत कोण बसलंय ते. आतल्या खोलीत जपमाळ घेऊन बसायच्या. मी एकदा विचारलं, त्या म्हणाल्या, जेवायला आलेल्या पोराची जात कसली विचारतीस, वाढ. ताटं मी आणली. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातनं. दुकानदार नाव काय घालू म्हणाला, मी म्हटलं ह्या तिन्हीवर बेडा, नको."

मी कागद मांडीवर पालथे ठेवले.

"मग 'सासूबाईंना चालत नाही' का म्हणायचीस?"

"तेव्हा सगळ्या सुना तेच म्हणायच्या. आपल्याला नाही म्हणायचं असलं की सासूच्या नावावर. भाजीवाली आली तरी सासूबाईंना चालत नाही. तुला एवढं कोर्टात राहून कळलं नाही होय?"

नाही कळलं. तीस वर्षं मी साक्षीदारांच्या तोंडचं 'ते म्हणाले' आणि 'त्यांनी सांगितलं' ऐकत आले, आणि घरातला एकच साक्षीदार मी उलटतपासणी न करता खरा मानला. सुनेनं सासूचं नाव घेतलं, म्हणून आजी दोषी. मी स्वतःला मोठी निर्भीड समजत होते. माझा राग इतके दिवस पुण्याच्या माणसावर होता, तो कुठे ठेवायचा ते मला कळेना.

"का केलंस?" मी विचारलं.

"बाकीची पोरं सोडून जातील अशी भीती वाटली. दोन पोरं घरात होती, तू आणि अण्णा. कुणी तसं म्हटलं नव्हतं. मीच धरून चालले. त्या पोरानं ताटावर नाव कोरलं तेव्हा ते ऐकून तुझी आजी हसून म्हणाली, बरं केलं. मी ते ताट उचलून माळ्यावर टाकलं."

तेव्हा मी जे केलं ते सांगायची मला लाज वाटते, पण सांगते. मला पुण्याचा फोन नंबर आठवला. सातवं प्रकरण काढायचं, 'अन्नपूर्णा' नाव घालायचं, हसणारी बाई छापायची. दोन वर्षं लागली तर लागू देत. ज्या माणसाचा मी दोन आठवडे तिरस्कार केला तो मला त्या क्षणी फार समंजस वाटला. आजीवर सतरा पानं लिहिताना मी एकदाही अडले नव्हते.

"राहू दे हे प्रकरण," मी म्हणाले. "काढून टाकते. पुण्याचे छापतील."

"कधी?"

"दोन वर्षांनी."

"आणि तो कमरीपेठेचा?"

"वीस दिवसांत."

"मग त्याच्याकडे दे. माझं नीट लिही आणि त्याला दे."

"लोक काय म्हणतील, आई? अण्णा काय म्हणेल?"

"म्हणू दे की. मी आहे तोवर मला येऊन म्हणू दे." तिनं माझा हात शोधून धरला आणि घट्ट दाबला, भाकरीचं पीठ मळताना दाबायची तसा. "मी गेल्यावर छापलीस तर मला काही बोलता यायचं नाही. तुझ्या आजीला कुठे आलं?"