संतरामची अर्धी गोळी

कुरुंद्यात हळद शिजवणारे पुष्कळ, पण संतराम आणि कोंडीबा ही जोडी एकच. हळद शिजली की नाही, हे कोंडीबा काडी टोचून सांगायचा आणि संतराम नुसत्या वासावर. दोघांचं एकदाही जुळलं नाही आणि हळद मात्र एकदाही बिघडली नाही.

साठी उलटली तरी दोघं सगळं अर्धं अर्धं करून खायचे. चहा आला की एकाला कप, एकाला बशी. कोंडीबाच्या कमरेला कायम अडकित्ता. त्यात सुपारी कातरली की मोठं खांड कुणाचं यावर भांडण, आणि भांडण मिटवायला दुसरी सुपारी.

पाच वर्षांमागं शाळेत तपासणीचं शिबिर लागलं. दोघांच्या बोटाला सुई टोचली, दोघांच्याही रक्तात साखर निघाली. जन्मात पहिल्यांदा वाटणी बराबर झाली. संतरामनं आपल्या चिठ्ठीची सुरळी केली, तिनं कान कोरला आणि फेकून दिली.

“काहून फेकली रे, संत्या?”

“पुनमला कळलं तं साखरंचा डबा माळ्यावर जाईल. तिच्या हातच्या चहावर तं जगून राहिलो मी.”

पुनम म्हणजे संतरामची सून. तिच्या चहात चमचा उभा राहायचा.

“अन् गोळीचं?”

“तू आणशीलच की. त्यातली अर्धी दे.”

यात काही वावगं आहे असं कोंडीबाला वाटलंच नाही. सुपारी अर्धी, चहा अर्धा, मग गोळीनं काय घोडं मारलं होतं? दर महिन्याला तो वसमतला जाऊन डॉक्टरला दाखवायचा आणि गोळ्या आणायचा. सकाळ-संध्याकाळ पारावर बसून गोळी अडकित्त्यात धरायचा. कट्! सुपारीची पूड लागलेला अर्धा तुकडा संतरामच्या तळहातावर. संतराम तिथंही मोठा तुकडा निवडून घ्यायचा.

आता अर्ध्या गोळीनं कोंडीबाची साखर उतरणार कशी? डॉक्टर विचारायचे, “गोळी रोज घेता ना?” कोंडीबा छाती काढून सांगायचा, “येक बी खाडा न्हाई!” खोटं नव्हतंच ते. डॉक्टर गोळी वाढवून द्यायचे. तीही कातरली जायची. असं करता करता कागदावर सगळ्यात जोराची गोळी आली, तीही दिवसातून दोनदा. दर खेपेला डॉक्टर पथ्यावरून झापायचे, आणि घरी कोंडीबाची बायको सुमनबाई त्याच्या ताटातली भाकरी आणखी चतकोरानं कमी करायची. ही बोलणी आणि ही उपासमार कोंडीबा एकटाच सोसायचा. तेवढं काही अडकित्त्यात बसत नव्हतं.

यंदा हळद शिजवताना ओल्या फळीवरून कोंडीबाचा पाय सटकला. मांडीचं हाड मोडलं. वसमतच्या एका दवाखान्यात भरती केलं. सपना सिस्टर कागद घेऊन आली. पोरगी कामाची होती. घाई नाही, कंटाळा नाही, एकेक गोष्ट विचारून लिहीत होती.

“घरी कोणत्या गोळ्या चालू आहेत?”

सुमनबाईनं पिशवीतून फाईल काढली. पाच वर्षांचे कागद, एक हरवलेला नाही.

“ही गोळी सकाळी एक, संध्याकाळी एक. रोज घेता ना, बाबा?”

“पाच वर्सात खाडा न्हाई!” हाड मोडलं होतं तरी छाती शाबूत होती.

“असे पेशंट पाहिजेत!” सपनानं लिहिलं, नियमित. मग संतरामकडं वळली. “बाबा, तुम्ही रोज सोबत असता म्हणे. काही राहिलं का सांगायचं?”

संतरामच्या जिभेवर आलं होतं. पण शेजारी पुनम थर्मास घेऊन उभी. तिनं चहा ओतून हातात दिला. खाटेवरून कोंडीबानं डोळा मारला, म्हणजे मित्राचं गुपित मित्रानंच झाकलं. संतरामनं फुर्रकन घोट घेतला.

“न्हाई बाई. सगळं बराबर हाय.”

दोन दिवस कोंडीबाला पुरी गोळी मिळाली, अगदी वेळेवर. दुखण्यानं त्याला घास उतरत नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी सुमनबाईला वाटलं, बिचाऱ्याचा डोळा लागला. अंगाला हात लावला तर घामानं ओलंचिंब, आणि हाक मारली तर ओ नाही. साखर पार तळाला गेली होती.

शिरेतून साखर सोडली. डॉक्टर सपनावर ओरडले, “घरचीच गोळी, घरचाच डोस, मग साखर पडली कशी?” सपना रडवेली होऊन आपलाच कागद पुन्हा पुन्हा वाचत होती. कागदात चूक सापडेना.

तेव्हा कुठं संतरामला वाचा फुटली. “साहेब, तो अर्धीच खात व्हता. अर्धी मी.”

डॉक्टरांनी फाईल ओढून लिहिलं, घरी अर्धी गोळी. पाच वर्षांत पहिल्यांदा कागद खरा झाला. कोंडीबानं डोळे उघडले, पण ओळख उघडली नाही. मेंदूला फार वेळ साखर पोचली नव्हती.

सुमनबाई संतरामकडं वळली. मग म्हणाली, “भाऊजी, पाच वर्सं म्या त्यायला भाकरी मोजून वाढली. रोज अर्ध्या पोटी उठत व्हते. ते काहून?”

संतरामच्या घरचा साखरेचा डबा माळ्यावर गेला. आता त्याचा वेगळा कागद आहे, वेगळी गोळी आहे. तरी सवयीनं तो सकाळी कोंडीबाच्या ओसरीवर येऊन बसतो. कोंडीबाला बायकोचं नाव आठवत नाही, संतरामचं तर नाहीच. पण सुमनबाईनं हातावर गोळी ठेवली की त्याचा हात कमरेला अडकित्ता शोधतो. तो आता तिनं लपवून ठेवलाय. मग कोंडीबा गोळी दातात धरतो, कट् करून तोडतो आणि मोठा तुकडा समोर बसलेल्या त्या अनोळखी माणसापुढं धरतो.

“घ्या की, भाऊजी,” सुमनबाई आतून म्हणते. “तुमचा वाटा.”

संतराम तो ओला तुकडा घेतो, उठतो आणि कोंडीबाच्या तोंडात परत घालायला बघतो. कोंडीबा ओठ घट्ट मिटून घेतो. वाटणी म्हणजे वाटणी.