खिडकीवरचं हळदकुंकू

ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात मी प्रोग्रॅमर होतो. कॉम्प्युटर एकच आणि तो समजणारा माणूसही एकच, त्यामुळे माझी अक्कल तपासून बघायची सोय कोणाकडेच नव्हती.

स्टोअरमधला सगळा माल मी कॉम्प्युटरवर चढवला. तिथले स्टोअरकीपर मालवणकडचे. सगळे त्यांना काका म्हणत. ते दिवाळीआधी रिटायर होणार होते. मालाच्या यादीवर मॅनेजरची सही झाली की सुटका. लेकीचा पहिला दिवाळसण, जावई गावी यायचा होता. एसटीचं तिकीट त्यांनी चष्म्याच्या घरात घडी घालून ठेवलेलं.

"यादीची काळजी सोडा, काका. दसरा झाला की छापून देतो," मी म्हणालो. आणि खणाखणाला लटकणारी त्यांची मालाच्या नोंदींची पुठ्ठ्याची कार्डं रद्दीवाल्याला देऊन टाकायला लावली. मशीन असताना कार्डं हवीत कशाला?

काकांना शिकवलंही मीच. "या फ्लॉपीत तुमचं अख्खं स्टोअर आहे. ही दुसरी, तिची नक्कल. एकीचं जे कराल ते लगेच दुसरीचं करायचं." मग फ्लॉपी कागदी पाकिटातून काढून तिच्यावरची लांबट खिडकी दाखवली. "मशीन इथून आत बघतं. सगळा जीव इथे." त्या खिडकीला बोटही लावू नये, ही सूचना मात्र टाइप करून कपाटावर चिकटवली. इंग्रजीत. इंग्रजीत लिहिलं की सूचनेला वजन येतं, असं मला त्या वयात वाटायचं.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली. लेथना झेंडूचे हार, पान्यांना कुंकू. की-बोर्डवरही कोणीतरी फूल ठेवलं, तेव्हा मी फुगलो. पेढा खाल्ला आणि घरी गेलो.

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो, यादी छापायला बसलो. फ्लॉपी आत सरकवली तर मशीन नुसतं खरखरलं. बाहेर काढून बघतो, तर खिडकीत ओली हळद, हळदीवर कुंकू, वर चिकटलेली एक अक्षत.

"काका, हे काय?"

"काय म्हणजे? स्टोअरची पूजा नको? पाकिटातून काढून केली हां. देवाला पाकिटात ठेवून कोण कुंकू लावतं?"

"पण नेमकं इथेच?"

"तूच बोललास ना, जीव इथे!"

मी दुसरी फ्लॉपी मागितली. काकांनी ती दोन्ही हातांनी दिली.

"एकीचं केलं ते दुसरीचंपण केलं. विसरलो नाय."

तीही पुसून, फुंकर मारून मशीनमध्ये घातली. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली.

"काय म्हणता तो?"

"विचारतोय, सोडून देऊ, परत करू, की दुर्लक्ष करू?"

"कोणाक विचारता?"

"मला."

"मग सांग ना रे झिला!"

मी तिन्ही उत्तरं देऊन बघितली. दर वेळी तोच प्रश्न परत. ‘काहीही विचारा, मशीन सांगेल’ असं मी वर्षभर कारखानाभर सांगत फिरलो होतो.

मॅनेजर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "मोजा परत."

पूर्ण स्टोअर. नट, बोल्ट, वॉशर, गास्केट. काका मोजायचे, मी नव्या पुठ्ठ्यांवर लिहायचो. तिकिटाची तारीख गेली. वसुबारस गेली. लक्ष्मीपूजनाला अख्खा कारखाना बंद, आम्ही दोघंच आत. गावाहून आलेला चकल्यांचा डबा आमच्या मध्ये उघडा. एव्हाना जावई गावी पोचलाही असेल. काका मात्र खाली मान घालून वॉशर मोजत होते, आणि तेच मला सहन होईना.

"काका," मी शेवटी धीर केला, "माझं चुकलं. मी तुम्हाला नीट सांगायला हवं होतं."

त्यांचा हात वॉशरच्या ढिगावर थांबला. ओठ हलायचे थांबले.

"तीनशे किती झाले होते रे?"

मला कुठे माहीत?

"मेल्या, आता सांगायला सुचलं तुला?" म्हणत त्यांनी मोजलेले सगळे वॉशर परत डब्यात ओतले, आणि पहिला उचलला.